नागपूरच्या मैदानावरून भारतीय फुटबॉल संघाकडे : नव्या खेळाडूंनी आणि पालकांनी काय करावे

संध्याकाळी मोमीनपुऱ्यातून किंवा कामठीच्या रब्बानी मैदानावरून एक फेरी मारली, तर फुटबॉल हा नागपूरकरांना नवा खेळ नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. तरीही एखाद्या घरातील मुलगा किंवा मुलगी ‘मला भारताकडून खेळायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा पुढे कोणाला भेटायचे, कोणत्या स्पर्धेत नाव द्यायचे आणि कोणत्या वयात काय करायचे, हे सांगू शकणारे माणूस त्या घरात बहुधा नसते. मी बरीच वर्षे शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवत आलो आहे आणि पुढे न गेलेल्या अनेक गुणी मुलांचा विचार करताना मला एक गोष्ट सतत दिसते : त्यांतील पुष्कळ जण खेळात कमी पडले नाहीत, ते नोंद नसलेल्या सामन्यांतच वाढले. वस्तीतल्या बक्षिसाच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, पण निवड समितीच्या कागदावर त्यांचे नाव कधी आलेच नाही. म्हणून या लेखाचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे : योग्य वयोगटात, नोंदणी झालेल्या स्पर्धांमध्ये, जमतील तितके सामने खेळावेत आणि जिल्ह्यापासून एकेक पायरी चढत जावे.

आधी ध्येय नीट समजून घेऊ

भारताचे राष्ट्रीय संघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघ निवडतो. हा महासंघ 1937 साली स्थापन झाला आणि 1948 साली फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेशी संलग्न झाला. 1951 आणि 1962 च्या आशियाई खेळांत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवले, हे आजच्या मुलांना मुद्दाम सांगावे असे मला वाटते, कारण ‘आपल्या देशाचे हे काम नाही’ असा समज त्यांच्या मनात फार लवकर रुजतो.

मुख्य संघात एका वेळी साधारण दोन डझन खेळाडू असतात. त्याखेरीज 17, 20 आणि 23 वर्षांखालील मुलांचे संघ असतात आणि मुलींचेही वयोगटानुसार वेगळे संघ असतात. म्हणजे भारताची जर्सी मिळण्याचे दरवाजे एकापेक्षा अधिक आहेत आणि पहिला दरवाजा सोळाव्या वर्षाच्या आसपासच उघडतो. भारतीय नागरिकत्व ही मूलभूत अट आहे. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाची सोय नसल्यामुळे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला त्या पासपोर्टवर भारताकडून खेळता येत नाही. जपानमध्ये जन्मलेल्या इझुमी अराता यांनी भारतीय नागरिकत्व घेतल्यानंतरच ते 2013 साली भारताकडून खेळू शकले.

पहिली पायरी : दोन वेगळ्या वाटा ओळखणे

नवख्या पालकांचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून या मुद्द्यावर थोडा वेळ थांबणे आवश्यक आहे. आपल्याकडे शाळकरी वयातील फुटबॉल दोन वेगवेगळ्या व्यवस्थांमधून चालतो आणि त्या दोहोंचे अर्ज, वयोगट व निवड यांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो.

एक वाट शालेय स्पर्धांची आहे. ती राज्याच्या क्रीडा विभागाच्या हाती असते आणि नागपुरात तिचे काम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून चालते. 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत शाळा व कनिष्ठ महाविद्यालये उतरतात. ग्रामीण भागात तालुका आणि मग जिल्हा, शहरात महानगरपालिका क्षेत्र, त्यानंतर विभाग आणि राज्य असा क्रम असतो. आपल्या विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. राज्य स्पर्धेच्या वेळी निवड चाचणी होऊन महाराष्ट्राचा शालेय संघ ठरतो. याच वाटेवर भारतीय वायुसेनेच्या पुढाकाराने 1960 साली सुरू झालेली सुब्रतो चषक स्पर्धा येते. तिचे वैशिष्ट्य असे, की तिथे निवडक खेळाडूंचा राज्यसंघ जात नाही, तर जिंकणाऱ्या शाळेचा संपूर्ण संघ राष्ट्रीय फेरीत जातो. त्यामुळे ज्या शाळेत फुटबॉलचा चांगला संघ बांधला जातो, तिथे प्रवेश घेण्याला खरा अर्थ आहे आणि पाचवी ते आठवीच्या दरम्यान शाळा निवडताना याचा विचार व्हावा.

दुसरी वाट संघटनेची आहे. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटना, तिच्या वर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही महाराष्ट्राची राज्य संघटना आणि तिच्या वर अखिल भारतीय महासंघ, अशी ही उतरंड आहे. स्थानिक क्लबांची लीग, जिल्ह्याचा संघ, राज्याचा संघ आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा हे सगळे या वाटेवर येते. वरिष्ठ पुरुषांची संतोष ट्रॉफी 1941 पासून खेळली जाते. कुमार गटासाठी बी. सी. रॉय ट्रॉफी आहे. वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा राजमाता जिजाबाई यांच्या नावाच्या चषकासाठी होते आणि महाराष्ट्रातील मुलींना ती गोष्ट नक्कीच जवळची वाटावी.

राष्ट्रीय संघाची निवड दुसऱ्या वाटेचा मालक असलेला महासंघ करतो. त्यामुळे केवळ शालेय स्पर्धा खेळून थांबणारा मुलगा, त्याने शाळेसाठी कितीही गोल केले असले तरी, मुख्य वाटेच्या बाहेर राहू शकतो. शालेय स्पर्धा गुणांसाठी, शिष्यवृत्तीसाठी आणि अनुभवासाठी मोलाच्या आहेतच, पण बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत मुलाचे नाव एखाद्या संलग्न क्लबमध्येही असले पाहिजे. दोन्ही वाटांवर एकाच वेळी चालता येते आणि चालावे.

दुसरी पायरी : क्लब निवडणे

नागपुरात क्लब शोधताना घराजवळचे मैदान, मासिक शुल्क आणि गणवेशाचा रंग या तीनच गोष्टी पाहिल्या जातात. त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. हा क्लब किंवा ही अकादमी जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का? मागील हंगामात माझ्या मुलाच्या वयोगटाचा संघ कोणकोणत्या नोंदणीकृत स्पर्धा खेळला? शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडे महासंघाचा कोणता परवाना आहे? आणि एका सत्रात एका प्रशिक्षकामागे किती मुले असतात? प्रशिक्षकांचे परवाने डी, सी, बी, ए आणि प्रो अशा चढत्या क्रमाने असतात. लहान मुलांसाठी डी किंवा सी परवान्याचा मन लावून शिकवणारा प्रशिक्षक पुरेसा असतो. परवाना असणे म्हणजे माणूस उत्तम शिक्षक असणे नव्हे, हे मान्य आहे, पण परवान्याविषयी विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे मूल सोपवू नये.

रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब यांसारखी जुनी नावे आणि रेल्वे व पोलिसांचे संघ यांमुळे नागपूरच्या वरिष्ठ लीगला स्वतःची परंपरा आहे. मुलगा अजून लहान असेल तरी त्याला हे सामने दाखवायला न्यावे. दूरचित्रवाणीवर युरोपातील सामना पाहताना चेंडू दिसतो. मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिले, की चेंडू नसलेला बचावपटू कसा सरकतो, कोण कोणाला ओरडून जागा दाखवतो आणि दमलेला मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, परत कसा धावतो, हेही दिसते.

ज्या घरांना शुल्क परवडत नाही, त्यांनी निराश होऊ नये. विजय बारसे यांनी 2001 साली नागपुरात झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या कामातून स्लम सॉकर ही संस्था वाढली आणि 2016 साली तिला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. या संस्थेची मुले बेघरांसाठीच्या होमलेस विश्वचषकात भारताकडून खेळली आहेत. ती स्पर्धा लहान मैदानावर, संघात चार-चार खेळाडूंनी खेळली जाते आणि महासंघाच्या राष्ट्रीय संघापेक्षा ती वेगळी आहे, हा फरक मुलांना नीट सांगावा, म्हणजे अपेक्षांचा गोंधळ होत नाही.

तिसरी पायरी : कागदपत्रे

हा विषय रूक्ष आहे, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक मुले इथेच अडकली आहेत. आमच्याकडे एक अतिशय चपळ विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू, होता. जिल्ह्याच्या संघातून तो राज्याच्या निवड चाचणीला गेला. त्याच्या जन्म दाखल्यावर एक तारीख होती आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी, कारण पहिलीत नाव घालताना कोणीतरी अंदाजाने तारीख लिहिली होती. चाचणीच्या सकाळी त्याला मैदानाबाहेर बसवण्यात आले आणि ते नियमाला धरूनच होते. ती चूक आम्ही त्याच्या सहावीतच पकडायला हवी होती.

म्हणून मुलाने क्लबमध्ये नाव घातले त्याच महिन्यात सगळे कागद एका टेबलावर मांडावेत. महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला, आधार कार्ड, शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र आणि शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा या सर्वांवर मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर सारखी आहे का, ते तपासावे. इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरकही पुढे पासपोर्टच्या वेळी त्रास देतो. शाळेच्या नोंदीतील दुरुस्ती शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने करावी लागते आणि ती दहावीच्या पुष्कळ आधी करून घेणे शहाणपणाचे असते. पासपोर्टसाठी नागपुरात प्रादेशिक कार्यालय आहे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी, कोणतेही बोलावणे येण्यापूर्वीच, तो काढून ठेवावा आणि अल्पवयीन मुलांच्या पासपोर्टची मुदत सहसा पाच वर्षांचीच असते, हे लक्षात ठेवावे.

महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत क्लबमार्फत खेळाडूची नोंद होते आणि त्याला स्वतःचा ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढे क्लब बदलताना, लीग खेळताना आणि शिबिराला जाताना तोच विचारला जातो. एका क्लबमध्ये नोंद असताना दुसऱ्या क्लबकडून गुपचूप खेळू नये. मित्राच्या नावावर ‘एकच सामना’ खेळणे हे तर स्वतःच्या हाताने स्वतःची वाट बंद करणे आहे.

वय लपवण्याविषयी स्पष्ट बोलतो. दोन वर्षे कमी दाखवून खालच्या गटात चमकवण्याचा सल्ला देणारे लोक आपल्या शहरातही भेटतात. कुमार गटांमध्ये डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवणारी टीडब्ल्यू-3 ही चाचणी वापरली जाते आणि 17 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत फिफा मनगटाची एमआरआय तपासणी वापरते. पकडले गेल्यावर बंदी येते, हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग आहे. खालच्या गटात नुसत्या ताकदीवर जिंकत राहिलेला मुलगा चेंडूवरचा ताबा आणि विचार शिकतच नाही आणि वीस वर्षांचा झाल्यावर त्याच्याहून तगडे प्रतिस्पर्धी समोर येतात, तेव्हा त्याच्याजवळ काहीच उरत नाही, हे खरे नुकसान आहे.

याच्या उलट, डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाच्या पालकांनी धीर धरावा. वयोगट 1 जानेवारीपासून मोजले जात असल्यामुळे त्याच गटातील जानेवारीतला मुलगा त्याच्यापेक्षा जवळपास वर्षभराने मोठा असतो आणि तेराव्या वर्षी एका वर्षाने उंचीत, वेगात आणि धक्क्यात मोठा फरक पडतो. अशा मुलाला एकदा वगळले गेले म्हणून त्याचा खेळ बंद करू नये.

चौथी पायरी : खेळ घडवणे

वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत एकच मागणी ठेवावी : मुलाने चेंडूला दररोज शेकडो वेळा स्पर्श करावा. आठ वर्षांपर्यंत 3 क्रमांकाचा, त्यानंतर साधारण बारा वर्षांपर्यंत 4 क्रमांकाचा आणि मग 5 क्रमांकाचा चेंडू वापरावा. लहान मुलाला मोठा चेंडू दिला, की तो पायाऐवजी कमरेतून झटके देऊन चेंडू ढकलायला शिकतो आणि ती सवय पुढे जाता जात नाही. घराच्या भिंतीवर चेंडू मारून परतलेला चेंडू एका स्पर्शात थांबवणे, दुसऱ्या स्पर्शात पास करणे, हे दोन्ही पायांनी रोज वीस मिनिटे केले, तर वर्षभरात फरक दिसतो. चेंडू पायाशी येण्याआधी दोनदा मान वळवून मागे पाहण्याची सवय याच वयात लावावी. निवड करणाऱ्यांच्या नजरेत हीच गोष्ट सर्वांत आधी भरते, कारण ज्याने आधी पाहिले आहे त्याचा पहिला स्पर्शच त्याला पुढे नेतो.

आपली मैदाने बहुतेक मुरमाची आहेत. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक असतात आणि पावसाळ्यात चिखलाची होतात. मुरमावर चेंडू वेडावाकडा उसळतो, त्यामुळे आपल्या मुलांचे पाय चपळ होतात, पण त्याच वेळी जमिनीलगतचा वेगवान पास देण्याचा आणि घेण्याचा सराव कमी पडतो. मुंबई-पुण्याच्या कृत्रिम गवतावर पहिल्यांदा उतरलेल्या नागपूरच्या संघाला पहिली वीस मिनिटे चेंडूचा वेगच झेपत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे. महिन्यातून दोन-तीनदा तरी शहरातील एखाद्या टर्फवर वेळ घेऊन सराव करावा. मुरमावर लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब खुंट्या असलेले, बूट घालू नयेत. लहान रबरी दाण्यांचे टर्फ शूज घोट्याला आणि गुडघ्याला अधिक सोसतात.

दमाची परीक्षा घरच्या घरी घेता येते. वीस मीटरवर दोन खुणा करून यो-यो चाचणी ध्वनिफितीच्या ठोक्यावर धावून करावी. दर जाण्या-येण्यानंतर दहा सेकंद विश्रांती आणि हळूहळू वाढणारा वेग, अशी तिची रचना असते. वहीत तारीख आणि गाठलेला टप्पा लिहावा, आणि दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. वरिष्ठ सामन्यात मिडफिल्डर सुमारे 10 ते 11 किलोमीटर अंतर कापतो, पण ते एका लयीतले धावणे नसते. त्यात थांबणे, वळणे आणि पुन्हा झेपावणे असते, म्हणून रोज फुटाळा तलावाला पाच चकरा मारून फुटबॉलचा दम येत नाही.

नागपूरच्या उन्हाविषयी वेगळे लिहायला हवे. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि नवतपाचे नऊ दिवस तर खेळाडूंसाठी धोक्याचे असतात. त्या काळात सराव सकाळी साडेपाचला सुरू करून सात-सव्वासातपर्यंत संपवावा. सरावाआधी आणि नंतर वजन करावे. एक किलो कमी झाले असेल, तर शरीरातून साधारण एक लिटर पाणी गेले आहे, असे समजून ते पुढच्या काही तासांत थोडे थोडे भरून काढावे. मीठ-साखर-लिंबू घातलेले पाणी, ताक आणि कैरीचे पन्हे या घरच्या गोष्टी महागड्या पेयांइतक्याच उपयोगी पडतात. आहारात दोन्ही वेळच्या जेवणात डाळ असावी आणि अंडी, दूध, दही, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी व हंगामात संत्री असावीत. सामन्याच्या सकाळी तर्री पोहे टाळावेत. ते सामना जिंकल्यानंतर खावेत.

दुखापत टाळण्यासाठी फिफाने 11 प्लस या नावाचा सरावपूर्व व्यायाम तयार केला आहे. तो सुमारे वीस मिनिटांचा असतो आणि त्यात धावणे, ताकद, तोल व उडी यांचे पंधरा व्यायाम असतात. आठवड्यातून किमान दोनदा तो नियमाने करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीय कमी होतात, हे अभ्यासांनी दाखवले आहे. गुडघा वळला, आत ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांत सूज आली, तर मालिश करून घेऊ नये. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे, कारण लिगामेंट (हाडे जोडणारा पट्टा) फाटलेल्या गुडघ्याची मालिश करून घेण्यात मुलांची मौल्यवान वर्षे वाया गेलेली आहेत.

औषधांबाबतही आत्तापासून जागरूक राहावे. सर्दीच्या काही गोळ्यांत आणि व्यायामशाळेत विकल्या जाणाऱ्या पावडरींमध्ये बंदी असलेले घटक असू शकतात, आणि राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्थेच्या तपासणीत ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही.

पाचवी पायरी : नागपूरबाहेर कधी जावे

तेरा ते सोळा या वयात हा प्रश्न येतोच. आपल्या शहरात गुण आहेत, पण त्या वयातील मुलांना वर्षभर मिळणाऱ्या तुल्यबळ सामन्यांची संख्या कमी आहे. निवासी अकादमीचा खरा फायदा वसतिगृह किंवा गणवेश हा नसून महासंघाच्या युवा लीगमध्ये दर आठवड्याला आपल्याइतक्याच चांगल्या मुलांशी खेळायला मिळणे, हा आहे. त्यामुळे जी अकादमी युवा लीग खेळतच नाही, तिच्यासाठी घर सोडण्यात मला अर्थ दिसत नाही.

राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी ही पहिली चौकशी असावी, कारण तिथे निवास आणि शिक्षण यांची सोय शासन करते. 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढे आला. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी 1987 पासून चालू आहे, आणि हावडा मार्गावरील गाडीत नागपूरला बसले की थेट टाटानगरला उतरता येते, ही आपल्यासाठी सोय आहे. भुवनेश्वरला महासंघ आणि फिफा यांची संयुक्त अकादमी 2023 साली सुरू झाली. महासंघ अकादम्यांना ताऱ्यांच्या स्वरूपात श्रेणीही देतो. कुठेही पैसे भरण्यापूर्वी ती श्रेणी महासंघाच्या संकेतस्थळावर पाहावी.

निवड चाचणीला जाताना आदल्या दिवशी पोहोचावे. रात्रभर विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात उभे राहून सकाळी मुंबईच्या मैदानावर उतरलेला मुलगा स्वतःचा अर्धाही खेळ दाखवू शकत नाही. अर्जात आपली खरी जागा लिहावी. डाव्या बाजूचा बचावपटू असाल तर ‘स्ट्रायकर’ (गोल करणारा आघाडीचा खेळाडू) लिहू नये, कारण डाव्या पायाचे बचावपटू सगळ्यांनाच हवे असतात आणि स्ट्रायकरच्या रांगेत शंभर मुले उभी असतात. चाचणीत अनोळखी मुलांचे संघ करून खेळवतात आणि तिथे कोणी कोणाला पास देत नाही. अशा वेळी जो साधा, योग्य पास देतो, चेंडू गेला की लगेच परत धावतो आणि चूक झाल्यावर खांदे पाडत नाही, तो उठून दिसतो. क्लबांना चित्रफीत पाठवायची असेल, तर निवडक गोलांच्या तीन मिनिटांबरोबर एका पूर्ण सामन्याची फीतही पाठवावी.

एक इशारा कळकळीने देतो. राष्ट्रीय शिबिरातील जागा पैसे भरून मिळत नाही. ‘इंडिया ट्रायल’, ‘परदेशात थेट निवड’ अशा जाहिराती करून हॉटेलात नोंदणी शुल्क घेणाऱ्यांपासून दूर राहावे. अठरा वर्षांखालील खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय क्लब-बदलावर फिफाची सर्वसाधारण बंदी आहे आणि तिला मोजकेच अपवाद आहेत, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला स्पेनच्या क्लबमध्ये करारावर नेतो म्हणणारा माणूस बहुधा खोटे बोलत असतो. शंका आली तर आधी जिल्हा किंवा राज्य संघटनेकडे विचारावे, मग पैशाचा विचार करावा.

सहावी पायरी : अठरानंतरची वर्षे

बहुतेक मुले सोळा ते वीसच्या दरम्यान खेळ सोडतात, कारण कुमार संघातून वगळल्यावर त्यांना सगळे संपले असे वाटते. संदेश झिंगनचे उदाहरण इथे उपयोगी पडते. चंदीगड हेही फुटबॉलचे माहेरघर नव्हे. तिथला हा बचावपटू 2011 साली युनायटेड सिक्कीम या तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या संघात गेला, 2014 साली इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात केरळ ब्लास्टर्सकडून खेळला आणि 2015 साली भारताकडून उतरला. मोठ्या संघाच्या राखीव बाकावर बसण्यापेक्षा लहान संघात नव्वद मिनिटे खेळणे या वयात अधिक फायद्याचे असते. मुंबईच्या लीगमधील क्लब, विद्यापीठाचा संघ आणि रेल्वे, सेनादल यांचे संघ हे सगळे पर्याय खुले ठेवावेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येते. रेल्वे आणि सेनादल यांचे स्वतंत्र संघ संतोष ट्रॉफीत उतरतात, म्हणजे खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागलेला मुलगा नोकरी सांभाळून राष्ट्रीय स्पर्धेत दिसू शकतो.

शिक्षण थांबवू नये. राज्य आणि राष्ट्रीय स्तरावरील सहभागासाठी दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत मिळते, तसेच शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र मूळ स्वरूपात जपून ठेवावे आणि ते त्याच वर्षी संबंधित संघटनेकडून नोंदवून घ्यावे.

मुलींसाठी थोडे वेगळे

मुलींच्या पालकांना मी नेहमी सांगतो, की तुमच्या मुलीसमोर संधी अधिक जवळ आहे. मुलींचे संघ कमी असल्यामुळे नेमाने सराव करणारी चांगली खेळाडू जिल्हा संघात लवकर येते आणि राज्याच्या चाचणीपर्यंत पोहोचते. महिलांची राष्ट्रीय लीग 2016-17 च्या हंगामात सुरू झाली. 5 जुलै 2025 रोजी भारतीय महिलांनी थायलंडला 2-1 असे हरवून 2026 च्या आशियाई चषकात स्थान मिळवले, आणि पात्रता फेरी खेळून तिथे पोहोचण्याची ती त्यांची पहिलीच वेळ होती. अडचणी मात्र वेगळ्या आहेत : मैदानावर कपडे बदलायला जागा नसते, अंधार पडल्यावर घरी परतण्याची चिंता असते आणि मासिक पाळीच्या दिवसांत काय करावे, हे कोणी सांगत नाही. दोन-तीन घरांनी मिळून येण्या-जाण्याची पाळी ठरवावी आणि जिथे महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक आहे, असा क्लब शोधावा. पाळी अनियमित झाली किंवा सतत थकवा राहिला, तर रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आपल्याकडे लोहाची कमतरता फार मुलींत असते आणि तिला ‘दम कमी आहे’ असे चुकीचे नाव दिले जाते.

बोलावणे कसे येते

राष्ट्रीय शिबिरासाठी स्वतः अर्ज करण्याची पद्धत नाही. प्रशिक्षक आणि त्यांचे निरीक्षक लीग, युवा लीग व राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा पाहतात, संभाव्य खेळाडूंची यादी करतात आणि महासंघ ती त्यांच्या क्लबला किंवा राज्य संघटनेला कळवतो. यादीत तीस-पस्तीस नावे असली, तरी स्पर्धेला जाताना ती तेवीस-सव्वीसवर येते, म्हणून पहिल्या शिबिरातून परत आलेल्या मुलाला अपयशी म्हणू नये. सुनील छेत्री वीस वर्षांचा असताना 12 जून 2005 रोजी क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध पहिल्यांदा भारताकडून खेळला. त्याआधी तो दिल्लीच्या क्लबमधून कोलकात्याला जाऊन मोहन बागानकडून खेळला होता.

पत्र आले, की चालू पासपोर्ट, नोंदणी क्रमांक, वैद्यकीय तपासणीचे कागद, चालू असलेल्या औषधांची यादी आणि घट्ट बसलेले, आधी वापरून झालेले बूट एवढे बॅगेत असावे. शिबिरासाठी नवे बूट विकत घेतले असतील, तर निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे ते मोतीबागेच्या किंवा मानकापूरच्या मैदानावर घालून खेळून घ्यावेत.